एका ‘कृपया’ची गोष्ट

छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला ‘कृपया’ या शब्दाची ओळख नव्यानं करून द्यायला नको. आमच्याकडे येणारं बहुतेक प्रत्येक पत्र या शब्दानं सुरू तरी व्हायचं, नाहीतर संपायचं तरी. ‘कृपया सोबतचे विवरण परतटपाली पाठवावे.’ ‘कृपया योग्य ती कार्यवाही करावी.’ पत्र इंग्रजीत असलं तर ‘काइंडली डू द नीडफुल’. व्याकरणाच्या दृष्टीनं ही सगळी विनंतीची वाक्यं. पण वरून खाली येणाऱ्या कागदावरची विनंती ही विनंती नसते, हे शाखेतल्या शिपायालाही ठाऊक असायचं. खालून वर जाणाऱ्या कागदावर मात्र तोच शब्द अगदी काकुळतीला आलेला असायचा. शब्द एकच, कागद कुठल्या दिशेनं चाललाय त्यावर त्याचा अर्थ ठरायचा.

हा शब्द आज आठवण्याचं कारण जरा चमत्कारिक आहे. गेल्या पावसाळ्यात मी एक व्हिडिओ गेम दुसऱ्यांदा खेळलो. साठी ओलांडलेला, नावावर चार कादंबऱ्या असलेला, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय लांब करून बसलेला गृहस्थ कानाला हेडफोन लावून पडद्यावर गोळ्या झाडतोय, हे दृश्य शोभेचं नाही, हे मला मान्य आहे. सौभाग्यवतींनीही ते वेळोवेळी निदर्शनाला आणून दिलं. तरी मी खेळलो, आणि खेळून झाल्यावर एक फोन केला. तो फोन चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी करायला हवा होता. त्या खेळाची आणि त्या फोनची ही हकिकत आहे.

खेळाचं नाव ‘बायोशॉक’. केन लेव्हिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला हा खेळ २००७ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. या खेळाच्या पोटात एक रहस्य आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ज्यांना तो स्वतः खेळायचा आहे त्यांनी इथंच थांबावं. मला राग येणार नाही.

माझी आणि त्याची पहिली गाठ पडली २००८ साली, नाशिकला. मुलगी तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ‘अभ्यासाला लागतं’ असं आईला सांगून तिनं घरच्या संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं होतं. तो अभ्यास कसला, हे आठ दिवसांत उघड झालं. खेळ संपवल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही गोष्टी लिहिता ना? मग हा खेळाच. मी काही सांगणार नाही, फक्त शेजारी बसते.”

आकडे मारण्यापलीकडे ज्या बोटांना काही ठाऊक नव्हतं, त्यांना एका हातानं चालायचं आणि दुसऱ्या हातानं नेम धरायचा, हे जमायला चार दिवस लागले. पण गोष्टीनं मला पहिल्या पाच मिनिटांतच धरलं. साल १९६०. अटलांटिक महासागरावर एक विमान कोसळतं. वाचलेला एकच प्रवासी, म्हणजे आपण. जळत्या पाण्यातून पोहत जावं तर समोर दीपगृह. आत एक पाणबुडीवजा गोल डबा, आणि तो आपल्याला समुद्राच्या तळाशी घेऊन जातो. तिथं एक अख्खं शहर उभं आहे. गगनचुंबी इमारती, निऑनच्या पाट्या, काचेचे बोगदे, आणि काचेपलीकडून संथ जाणारे देवमासे. शहराचं नाव रॅप्चर. ते उभारलंय ॲन्ड्रू रायन नावाच्या उद्योगपतीनं. त्याचं म्हणणं असं की माणसाच्या घामाच्या कमाईवर सरकारचा, धर्माचा, समाजाचा कुणाचाच हक्क नाही. तेव्हा जिथं यातलं कुणीच पोहोचणार नाही तिथं शहर वसवायचं.

आमच्या पिढीच्या वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल. कॉलेजात इंग्रजी वाचू लागलेल्या प्रत्येक चार पोरांमागे एकाच्या काखेत आयन रँडची ‘द फाउंटनहेड’ असायची. १९४३ ची ती कादंबरी आणि १९५७ ची ‘ॲटलास श्रग्ड’ बँकेच्या प्रशिक्षण केंद्राच्या वसतिगृहातही हातोहात फिरायच्या. दिवसा परिपत्रकं वाचायची आणि रात्री स्वयंभू, कुणापुढे न वाकणाऱ्या नायकाची गोष्ट. आम्हाला त्यात काही विसंगती वाटत नसे. या खेळातली नावंसुद्धा तिथूनच आलेली. रायन तिथला, ॲटलास तिथला, फाँटेनही तिथलाच. पण आपण पोहोचतो तेव्हा ते स्वप्न सडलेलं असतं. शरीराची जनुकं बदलून अचाट शक्ती देणारं ‘ॲडम’ नावाचं द्रव्य शहरात सापडलं, त्याचा बाजार मांडला गेला, आणि त्याच्या व्यसनानं माणसं भुतासारखी होऊन अंधारात फिरू लागली. बोगद्यांतून पाणी ठिबकतंय, जुनी गाणी वाजतायत, आणि आपल्याला वाट ठाऊक नाही.

अशा वेळी भिंतीवरच्या बिनतारी संचातून एक आवाज येतो. आयरिश वळणाचा, मायाळू. त्याचं नाव ॲटलास. त्याची बायको आणि मूल या शहरात अडकलीयत. आपण त्याला मदत करायची, तो आपल्याला वाट दाखवणार. पुढे अर्धाअधिक खेळ आपण त्या आवाजाच्या बोटाला धरून चालतो. तो संच उचल, ती पहार घे, तिकडे जा, रायनच्या कचेरीत जा आणि त्याला ठार कर. बोलण्याची त्याची एक लकब आहे. काही सांगायचं असलं की तो आधी अदबीनं म्हणतो, ‘वुड यू काइंडली...’ आपल्या भाषेत, ‘कृपा करून एवढं कराल का?’

मजल दरमजल करत आपण रायनच्या दालनात पोहोचतो. तो शांतपणे गोल्फचा चेंडू ढकलत असतो. आणि मग तो आपल्याला सांगतो, की बाबा रे, तू कुणी वाट चुकलेला प्रवासी नाहीस. लहानपणीच तुझ्या डोक्यात एक कळ बसवलेली आहे. ‘वुड यू काइंडली’ हे तीन शब्द कुणीही उच्चारले की तुला पुढचं करावंच लागतं. ते विमानसुद्धा तूच पाडलंस. कारण तुझ्याजवळच्या भेटवस्तूच्या चिठ्ठीतही हेच शब्द होते. पुरावा म्हणून तो आपल्याला बसायला सांगतो, उठायला, पळायला, थांबायला सांगतो. आपण निमूट करतो. शेवटी तो गोल्फची काठी आपल्या हातात देतो आणि सांगतो, मार. माणूस आणि गुलाम यांतला फरक त्याला मरतामरता दाखवून द्यायचा असतो. माणसाला निवड असते, गुलामाला हुकूम. तो हुकूम देऊन मरतो आणि आपण पाळून मारतो. संचावरचा तो मायाळू ॲटलास म्हणजे खरं तर फ्रँक फाँटेन, रायनचा हाडवैरी. बायको नाही, मूल नाही, काही नाही.

त्या रात्री मी हातातला माऊस खाली ठेवला आणि नुसता बसून राहिलो. मुलगी माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती. याच क्षणासाठी ती पंधरा दिवस तोंड दाबून बसली होती. म्हणाली, “बाबा, हे तर तुमच्या सर्क्युलरसारखंच झालं की! कृपया योग्य ती कार्यवाही करावी.”

आम्ही पोट धरून हसलो. पुढे कित्येक महिने घरात तो विनोद चालला. ‘बाबा, कृपा करून दूध आणाल का?’ असं ती म्हणाली की मी यंत्रासारखा उठून पिशवी घ्यायचो.

हसलो खरा, पण आत कुठंतरी मला बरंही वाटलं होतं. ते बरं वाटणं कसलं, हे तेव्हा मी तपासलं नाही. आपण फसवले गेलो होतो, आपल्याला ठाऊक नव्हतं, आपल्या हातात काही नव्हतं: या तिन्ही गोष्टी एखाद्या खेळानं इतक्या ठासून सांगाव्यात, हा दिलासाच होता. तो दिलासा मला का हवा होता, त्याकडे येतोच.

मुलगी आता पुण्याला असते. मागच्या दिवाळीत तिनं आपला जुना लॅपटॉप मला देऊन टाकला. त्यात २०१६ साली नव्यानं रंगरंगोटी करून निघालेली याच खेळाची आवृत्ती होती. गुडघ्यामुळे सहा आठवडे घरात डांबलेला होतो, म्हटलं बघू.

कादंबरी दुसऱ्यांदा वाचणं मला नवीन नाही. रहस्य ठाऊक असलं की वाचक काठावर बसून पात्राची फरफट पाहतो. ‘अरे, नको जाऊस तिकडे’ असं मनात म्हणतो, आणि पात्र जातं. त्यात वाचकाचा दोष नसतो. या खेळाचं तसं नाही. दीपगृहाखाली तो गोल डबा थांबला, संचातून ॲटलासचा पहिला आवाज आला, आणि त्यानं म्हटलं, ‘वुड यू काइंडली’ तो संच उचल. माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या खेपेला हे शब्द कानांवरून वाहून गेले होते. आता मला सगळं ठाऊक होतं. हा माणूस कोण, त्याला काय हवंय, मी शेवटी काय करणार. आणि ठाऊक असूनही मी बटण दाबलं आणि संच उचलला.

का? तर त्याशिवाय खेळ पुढे जात नाही. मी प्रयत्न करून पाहिला. दहा मिनिटं तिथंच उभा राहिलो, दुसरी वाट शोधली. दार उघडत नाही. पुढे पहारीच्या वेळी तेच, पुढे बंदूक खाली घ्यायला सांगतो तेव्हा तेच. क्लिंट हॉकिंग हा स्वतः खेळ रचणारा माणूस. त्यानं २००७ सालीच या खेळावर नेमकं बोट ठेवलं होतं. त्याचं म्हणणं असं की खेळाची रचना खेळणाऱ्याला स्वतःचा स्वार्थ बघायची मुभा देते, पण गोष्ट मात्र त्याला ॲटलासला मदत करायला लावते आणि तिथं नाही म्हणायची सोय ठेवत नाही. टीका बिनतोड आहे. रहस्य उलगडल्यानंतरही हीच तऱ्हा. टेनेनबॉम नावाची शास्त्रज्ञ बाई आपल्या डोक्यातली ती कळ काढून टाकते, आपण स्वतंत्र होतो, आणि लगेच ती सांगेल तिकडे बाणाच्या दिशेनं चालू लागतो. मालक बदलला, एवढंच.

रायनच्या दालनाबाहेर एक खोली आहे. तिथं भिंतीवर छायाचित्रं टाचलेली, दोरे ताणलेले, आणि वर लाल मोठ्या अक्षरांत तेच तीन शब्द रंगवलेले. पहिल्या खेपेला मी तिथून घाईनं निघून गेलो होतो. आता बराच वेळ उभा राहिलो. मग आत गेलो. गोल्फ, बस, ऊठ, पळ, थांब, मार. आणि या वेळी मला जे दिसलं ते पहिल्यांदा दिसलंच नव्हतं.

त्या दृश्यात खेळ आपल्या हातून सगळी बटणं काढून घेतो. काहीही दाबा, काही होत नाही. काठी आपोआप उठते, आपोआप पडते. माझ्या आठवणीत हा सगळा खेळ म्हणजे ती दोन-तीन मिनिटं होती: माझ्या हातात काही नव्हतं! पण ती दोन-तीन मिनिटं हा अपवाद आहे. त्याआधीचे सगळे तास बटणं माझ्याच हातात होती. आणि रायन मेल्यावर लगेच ती परत माझ्या हातात येतात. ॲटलास पुन्हा तेच शब्द वापरतो, म्हणतो ती चावी त्या यंत्रात घाल. आता मला शब्दांचा अर्थ कळलेला आहे, बटणं चालू आहेत, यंत्र समोर आहे. चावी मीच नेऊन घालतो. मेलेल्या रायनसमोर, सगळं कळल्यावर.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं १९६१ साली प्रयोग सुरू केले होते. पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा धक्का द्यायचा, दर चुकीला जास्त. धक्के खोटे होते, ओरडणं खोटं होतं, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. मूळ प्रयोगात चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. कुणी कचरला तर बाजूला बसलेला प्रयोगकर्ता ठरलेल्या चार वाक्यांपैकी एकेक क्रमानं म्हणायचा. चौथं होतं, तुम्हाला दुसरा पर्यायच नाही, पुढे गेलंच पाहिजे. पण पहिलं वाक्य होतं, ‘कृपया पुढे चालू ठेवा.’ खोलीचं दार उघडं होतं. पिस्तूल कुणाच्या हातात नव्हतं. माझ्या खेळात निदान दार तरी बंद होतं.

खरं सांगायचं तर माझ्या खेळातही एक दार उघडं होतं. रॅप्चरमध्ये लहान मुली फिरतात, मेलेल्यांच्या अंगातून ते ‘ॲडम’ गोळा करत. त्यांचं रक्षण करणारा लोखंडी पोशाखातला राक्षस पडला की मुलगी आपल्या हाती येते. इथं मात्र खेळ थांबतो आणि विचारतो. तिला तोडून तिच्यातलं सगळं द्रव्य घ्यायचं, की तिला बरं करून सोडून द्यायचं? तोडली तर १६० मिळतात, सोडली तर ८०. ॲटलास समजावतो, ती आता मूल राहिलेलीच नाही, मनाला लावून घेऊ नकोस. टेनेनबॉम विनवते, तिला इजा करू नका.

२००८ मध्ये मी सरळ हिशेब केला. मुलगी शेजारी बसलेली असताना पहिल्या दोघींना मी तोडलं. दुसऱ्या वेळी ती काही न बोलता उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा मी तिसरीला सोडलं, पुढच्या सगळ्यांना सोडलं, पण शेवट व्हायचा तो वाईटच झाला. ‘मला काय माहीत!’ असं मी म्हटल्याचं आठवतं.

या खेपेला मी एकूण एक मुलगी सोडली आणि वहीत बेरीज मांडली. सवय जात नाही. मुली एकूण एकवीस. सगळ्यांना तोडलं तर १६० प्रमाणे ३,३६०. सगळ्यांना सोडलं तर ८० प्रमाणे १,६८०. पण दर तीन मुलींमागे टेनेनबॉम भेट म्हणून २०० ठेवते. सात भेटींचे १,४००. एकूण ३,०८०. फरक २८०. म्हणजे ३,३६० चे ८.३३ टक्के. बँकेत नोकरी केलेल्या कुणालाही हा आकडा झोपेतून उठवलं तरी सांगता येईल: कायद्यानं ठरलेला किमान बोनस, वर्षातला एक पगार. चांगुलपणाची सगळी किंमत एवढीच होती, आणि तीही मी २००८ मध्ये द्यायला तयार नव्हतो. वही मिटली आणि मला मार्च १९९८ आठवला.

मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. बँक कोणती, गाव कोणतं, हे सांगायचं कारण नाही. तिथल्या एका डाळमिलला आमचं कॅश क्रेडिट होतं, गोदामातल्या तुरीच्या तारणावर. आमचा फील्ड ऑफिसर माल तपासायला गेला. वयानं माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, अबोल, अक्षर मोत्यासारखं. त्यानं पुढच्या थप्प्या मोजून समाधान मानलं नाही. पोती सरकवायला लावून मागच्या थप्प्यांत सळई खुपसून पाहिली. पुढे तूर होती, मागे चुनी. विवरणात दाखवलेल्या मालाच्या निम्मासुद्धा माल गोदामात नव्हता. त्यानं तसा अहवाल लिहून माझ्या टेबलावर ठेवला.

त्याच दुपारी वरच्या कार्यालयातून फोन आला. फोन करणारा माणूस सभ्य, आवाज कधी चढायचा नाही. “अहो, पार्टी जुनी आहे. मार्च तोंडावर आलाय. कृपया जरा बघून घ्या ना.”

एवढंच. मी फील्ड ऑफिसरला आत बोलावलं. अहवाल त्याच्याकडे परत सरकवला आणि म्हणालो, “जरा बघून घ्या.”

तो क्षणभर उभा राहिला. “साहेब, काय बघू?”

“तुम्हाला कळतंय ते.”

संध्याकाळी नवा अहवाल आला. त्याच मोत्यासारख्या अक्षरात. माल विवरणानुसार बरोबर. मी खाली सही केली.

दीड वर्षात खातं बुडालं. चौकशी बसली. त्याला चार्जशीट मिळालं, खोटा तपासणी अहवाल दिल्याबद्दल. तो म्हणाला, शाखाधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून बदलला. २००० सालच्या उन्हाळ्यात चौकशी अधिकाऱ्यांसमोर मला विचारण्यात आलं, की अहवाल बदलण्याची सूचना आपण दिली होती का? मी उत्तर दिलं, “अशी कोणतीही लेखी सूचना मी दिलेली नाही.”

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. कादंबरीकाराला वाक्य रचता येतं, त्याचा असाही उपयोग होतो. समोर तो बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. त्याच्या दोन वेतनवाढी कायमच्या बंद झाल्या. अधिकाऱ्याच्या अहवालावर विश्वास ठेवताना पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल मला ताकीद मिळाली, आणि पुढच्याच वर्षी बढतीवर नाशिक.

इतकी वर्षं मी स्वतःला जे सांगत आलो ते म्हणजे रायनचं दालन होतं. वरून फोन आला, माझ्या हातात काय होतं? पण बटणं माझ्या हातात होती. त्या दुपारी फोन ठेवल्यानंतर तो आत येईपर्यंत दहा मिनिटं गेली होती. चहा आला होता, तो मी प्यायलो होतो. फोन करणाऱ्याला ‘साहेब, एवढं लेखी पाठवाल का?’ असं म्हणता आलं असतं. फार तर बदली झाली असती, बढती वर्ष-दोन वर्षं लांबली असती. फरक सगळा तेवढाच. आणि चौकशीच्या खोलीत तर कुणी ‘कृपया’ही म्हटलं नव्हतं. चावी यंत्रात मीच घातली, सगळं कळल्यावर.

खेळ संपला त्या संध्याकाळी शेवट चांगला आला. सोडवलेल्या मुली मोठ्या होतात आणि मरणाऱ्या नायकाच्या हातावर हात ठेवतात. मला तो या वेळी फारसा पटला नाही. एकवीस मुली खेळातल्या. मी लॅपटॉप मिटला आणि जुन्या सहकाऱ्याकडून त्याचा नंबर मिळवला.

तोही आता निवृत्त आहे. आवाज लगेच ओळखला. गुडघ्याची चौकशी केली. शस्त्रक्रियेची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचलेली होती. मी तयारी करून ठेवलेली सगळी वाक्यं विसरलो. एवढंच म्हणालो, “मार्च अठ्ठ्याण्णवमध्ये मी तुम्हाला अहवाल बदलायला सांगितलं होतं. चौकशीत मी ते लपवलं.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग तो म्हणाला, “मला माहीत आहे ना साहेब. मीच होतो तिथं.”

मी माफी मागितली. ‘जाऊ द्या साहेब, झालं गेलं’ असं तो म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. आपल्याकडे असंच म्हणतात. तो तसं म्हणाला नाही. जरा थांबून त्यानं विचारलं, “हे लिहून द्याल का?”

मला वाटलं, पेन्शनच्या काही प्रकरणासाठी हवं असेल. तसं मी विचारलंही.

“नाही साहेब. त्याचा आता काही उपयोग नाही. घरी दाखवायचंय. मुलगा तेव्हा नववीत होता. वडलांनी खोटा रिपोर्ट दिला, एवढंच त्यानं ऐकलंय.”

त्याच्या वाक्यात ‘कृपया’ नव्हतं. मला नाही म्हणता आलं असतं. चोवीस वर्षांनी माझ्यावर कुणाचा कसला जोर होता? साध्या कागदावर मी चार ओळी लिहिल्या. कुणी, कुणाला, कधी, काय सांगितलं. फोन कुणाचा आला होता, हे त्यात लिहिलं नाही; त्याला तो फोन नव्हता आला, मला आला होता. खाली तारीख, सही, आणि दुसऱ्या दिवशी काठी टेकत पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

पोच अजून आलेली नाही. मुलीला मात्र हे सगळं अजून सांगितलेलं नाही. ती रविवारी हा अंक वाचते.